ब्रिटिश रेजिमेंटच्या बॉक्सिंगचा इतिहास शोधायचाय? मग आधी बटालियन कुठे होती ते शोधा

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात मुलांना बॉक्सिंग शिकवता, जुन्या बाजारात तुम्हाला एक छोटंसं चांदीचं मेडल मिळालं, एका बाजूला दोन बॉक्सर, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत "२ डॉर्सेट रेजिमेंट, बॉक्सिंग, फेदरवेट, विनर" एवढंच कोरलंय, नाव नाही, साल नाही. क्लबच्या स्मरणिकेसाठी या रेजिमेंटच्या बॉक्सिंगचा इतिहास लिहायचाय. इंटरनेटवर लढायांबद्दल ढीगभर मिळालं पण बॉक्सिंगबद्दल एक ओळ नाही, तर "याचं रेकॉर्ड कुठे असतं?" असं तुम्ही विचारलंय.

मी इंग्लंडात राहते आणि लष्करी कागदपत्रं शोधून द्यायचंच काम करते, बहुतेक वेळा घरच्यांसाठी, म्हणजे कोणाचे आजोबा कुठल्या पलटणीत होते वगैरे. खेळाचे प्रश्न कमी येतात पण येतात, आणि ते मला मनापासून आवडतात. कारण लढाईच्या कागदात साधा शिपाई फक्त आकड्यात दिसतो, मेलेले इतके, जखमी इतके. बॉक्सिंगच्या बातमीत तो नावानिशी येतो, कसा लढला ते येतं, कोणत्या कंपनीचा ते येतं. अशी जागा लष्करी कागदात फार कमी सापडते.

तर पहिली गोष्ट. "रेकॉर्ड कुठे असतं" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण रेजिमेंटच्या बॉक्सिंगची अशी एक फाईल कुठेच नसते. सरकारने जपून ठेवले ते पगार, पेन्शन, शिस्त आणि युद्ध यांचे कागद. खेळाची नोंद राहिली ती रेजिमेंटच्या मासिकात, स्थानिक पेपरात, फोटोच्या मागे आणि मेडलवर. म्हणजे तुकडे गोळा करावे लागतात, आणि ते गोळा करण्याआधी ही माणसं कोणत्या वर्षी कोणत्या गावात होती हे माहीत असावं लागतं, नाहीतर कुठला पेपर उघडायचा हेच कळत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण थेट "डॉर्सेट बॉक्सिंग" असं सर्च करतात आणि काही मिळालं नाही की सोडून देतात. आधी वर्षवार मुक्कामांची यादी करा, बॉक्सिंग नंतर.

दुसरं म्हणजे रेजिमेंट आणि बटालियन यात गल्लत करू नका. ब्रिटिश पायदळात रेजिमेंट हे घराण्याचं नाव, प्रत्यक्ष एकत्र राहणारी, जेवणारी, खेळणारी माणसं म्हणजे बटालियन. १८८१ पासून साधारण पद्धत अशी की रेजिमेंटच्या दोन नियमित बटालियन, एक मायदेशी आणि एक परदेशात. म्हणजे पहिल्या डॉर्सेटचा बॉक्सर आणि दुसऱ्या डॉर्सेटचा बॉक्सर कदाचित आयुष्यात एकमेकांना भेटले नसतील. तुमच्या मेडलवर "२" आहे हे तुमचं नशीब समजा, त्या एका आकड्याने निम्मं काम कमी झालं.

आता दुसरी बटालियन पुण्याच्या आसपास कधी होती? मला खात्रीने माहीत असलेले भारतातले तीन काळ सांगते.

पहिला, १९१४ च्या आधीचा. महायुद्ध सुरू झालं तेव्हा ही बटालियन पुण्यात होती, सहाव्या पूना डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये. त्याच ब्रिगेडमध्ये ११७ मराठा पलटणही होती. ही ब्रिगेड नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या खाली फाव इथे उतरली, शैबा, टेसिफॉन असं करत बगदादच्या दिशेने गेली आणि शेवटी कुत-अल-अमारामध्ये अडकली. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि वेढ्यात असलेले डॉर्सेटचे लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत.

दुसरा काळ महायुद्धानंतरचा, १९२१-२२ च्या आसपास. तेव्हा दुसरी बटालियन दक्षिणेत होती आणि मलबारच्या मोपला बंडाच्या वेळी तिचा वापर झाला.

तिसरा १९४२ ते ४४. ब्रिटिश दुसरी डिव्हिजन १९४२ ला भारतात आली, ट्रेनिंगसाठी तिचा मुक्काम अहमदनगर भागात होता, आणि त्यात दुसरी डॉर्सेट होती. पुढे १९४४ ला कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर जी लढाई झाली त्यात हीच बटालियन.

म्हणजे तुमचं मेडल या तिन्हीपैकी कुठल्याही काळातलं असू शकतं. आणि मेडल पुण्यात सापडलं म्हणून ते पुण्यात जिंकलं असं लगेच धरू नका. सैनिक मेडल्स बरोबर घेऊन फिरायचे, गरज पडली की विकायचे, कोणी रिटायर होऊन इथेच राहिलं असेल, कोणाची ट्रंक लिलावात गेली असेल. पुणं ही सगळ्यात शक्य वाटणारी जागा आहे, पण पुरावा अजून नाही.

मेडलच काय सांगतं ते आधी बघू. प्लीज ते पॉलिश करू नका, चिंच किंवा टूथपेस्ट लावून तर अजिबात नाही, कारण महत्त्वाच्या खुणा अगदी उथळ असतात आणि घासल्या की गेल्या. खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून मोबाईलने जवळून फोटो काढा, खास करून कडीच्या आसपास आणि कडेवर. इंग्लंडात बनलेली चांदी असेल तर तिथे शिक्के असतात, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर जे दरवर्षी बदलतं. खेळाची मेडल्स मोठ्या प्रमाणात बर्मिंगहॅमला बनायची म्हणून तुमच्यावर नांगर असण्याची शक्यता चांगली आहे. बर्मिंगहॅमच्या अक्षरांचा एक फेरा १९०० ला सुरू होतो आणि त्यात इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं आहेत, १९२५ पासूनच्या फेऱ्यात कॅपिटल. म्हणजे लहान अक्षर दिसलं तर १९२५ च्या आधीचं, तिसरा काळ बाद. नेमकं साल काढायला शिक्क्यांचे तक्ते ऑनलाईन मिळतात, फक्त अक्षराबरोबर त्याच्या भोवतीच्या चौकटीचा आकारही जुळवा, नुसत्या अक्षरावर जाऊ नका. आणि ते अक्षर जुलै ते जुलै असं चालायचं, जानेवारीपासून नाही. शिवाय मेडल बनल्याचं साल आणि जिंकल्याचं साल एकच असतं असं नाही, दुकानदाराकडे कोरी मेडल्स पडून असायची आणि नंतर कोरली जायची.

शिक्काच नसेल तर? तर ते भारतात बनलेलं असण्याची शक्यता वाढते, कारण इथल्या सोनार-चांदीवाल्यांना ब्रिटिश शिक्के मारायचा प्रश्नच नव्हता. तेही उपयोगीच आहे, कारण मग ते भारतातच दिलं गेलं असं म्हणायला आधार मिळतो.

तुम्ही कोच आहात म्हणून वजनाबद्दलही सांगते. इंग्लंडच्या अमॅच्युअर बॉक्सिंग असोसिएशनने १८८० नंतर फेदरवेट ९ स्टोन धरलं, म्हणजे ५७ किलोच्या किंचित वर. हा गट सुरुवातीपासून आहे त्यामुळे त्यावरून साल ठरत नाही. तुमच्या मेडलवर फ्लायवेट किंवा वेल्टरवेट असतं तर मी १९२० नंतरचा काळ आधी तपासला असता, कारण असोसिएशनच्या चॅम्पियनशिपमध्ये ते गट १९२० ला आले, जरी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये त्याआधीच होते. अशा गोष्टींना पुरावा म्हणायचं नाही, कोणता पेपर आधी उघडायचा एवढं त्यातून ठरवायचं.

आता शोध कुठे घ्यायचा. समजा शिक्क्यावरून पहिला काळ निघाला, मी त्याच काळाचं उदाहरण धरून सांगते, कारण मेडल पुण्यात सापडलंय आणि मलाही तोच जास्त संभवनीय वाटतो.

सगळ्यात आधी १९११ ची इंग्लंडची जनगणना. हे फार लोकांना माहीत नसतं, पण त्या वर्षी पहिल्यांदा परदेशातल्या सैन्याचीही नावनिशीवार मोजणी झाली. म्हणजे २ एप्रिल १९११ च्या रात्री दुसऱ्या डॉर्सेटमधला प्रत्येक माणूस, त्याचं वय, जन्मगाव, हे सगळं एका जागी मिळतं, आणि बटालियन नेमकी कुठे होती तेही. पैसे भरून बघायच्या वंशावळीच्या साईट्सवर ते आहे. ही यादी आधी उतरवून घ्या, कंटाळवाणं काम आहे पण पुढे पेपरात नुसतं "प्रायव्हेट अमुक" असं आडनाव आलं की याच यादीत बघून तो कोण हे ठरवता येतं.

मग मुक्काम. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये दर महिन्याचे सैन्याचे तक्ते आहेत, डब्ल्यूओ ७३ नावाची मालिका (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं), त्यात कोणती बटालियन कुठे ते येतं. त्यासाठी स्वतः जावं लागतं किंवा कोणाकडून बघून घ्यावं लागतं. अधिकाऱ्यांची नावं हवी असतील तर स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने आर्मी लिस्ट स्कॅन करून फुकट ठेवल्यात, पुण्यात बसून बघता येतात.

त्यानंतर पेपर. इथे खरा माल आहे. पुण्याच्या छावणीतल्या खेळांच्या बातम्यांसाठी टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक बघा, ते डिजिटल झालेत आणि मोठ्या युनिव्हर्सिटी लायब्रऱ्यांकडे त्याची मेंबरशिप असू शकते, तुमच्या ओळखीचा कोणी प्राध्यापक असेल तर त्यालाच विचारा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह पैसे घेतं पण तिथे डॉर्सेटच्या आसपासचे स्थानिक पेपर आहेत, आणि त्यांना आपल्या जिल्ह्याच्या पोरांच्या बातम्यांत रस असायचा, त्यामुळे पुण्यातली लढत डॉर्सेटमधल्या पेपरात कित्येक आठवड्यांनी छापलेली सापडू शकते. बॉक्सिंगसाठीच वाहिलेलं साप्ताहिक १९०९ ला लंडनला सुरू झालं, आज ते बॉक्सिंग न्यूज म्हणून ओळखलं जातं, सैन्यातल्या लढतींसाठी त्याचे सुरुवातीचे अंक चाळण्यासारखे आहेत. आणि बटालियन पूर्वेकडे कुठे गेली असेल तर सिंगापूरचे जुने पेपर पूर्ण फुकट आहेत आणि त्यात लष्करी बॉक्सिंग भरपूर आहे, हे तुमच्या मेडलला लागू नाही पण दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

शोधताना फक्त "बॉक्सिंग" टाकू नका. त्या काळात तलवारबाजी, जिम्नॅस्टिक आणि बॉक्सिंग असा मिळून कार्यक्रम व्हायचा त्याला "असॉल्ट ॲट आर्म्स" म्हणायचे, बातमीचा मथळा तोच असतो आणि बॉक्सिंग खाली दडलेलं असतं. "डॉर्सेट्स", "डॉर्सेट रेजिमेंट", "डॉर्सेटशायर" तिन्ही टाका, १९५१ पर्यंत अधिकृत नाव डॉर्सेटशायर रेजिमेंट होतं पण पेपरवाले आणि कोरणारे कारागीर सोयीने लहान करायचे. स्कॅन केलेल्या जुन्या छपाईत मशीन अक्षरं चुकवतं, म्हणून काही मिळालं नाही तर बटालियन पुण्यात असतानाचे अंक डोळ्यांनी चाळा. मला कितीतरी वेळा सर्चने शून्य दाखवलंय आणि पान उघडल्यावर अख्खा कॉलम निघालाय.

बातमी मिळाली की ती कशी वाचायची? इंटर-कंपनी स्पर्धा असेल तर कंपनीचं अक्षर बघा. १९१३-१४ पर्यंत बटालियनमध्ये आठ कंपन्या असायच्या, ए ते एच, नंतर चार मोठ्या झाल्या, ए ते डी. त्यामुळे तारीख नसलेल्या कात्रणात किंवा फोटोत "जी कंपनी" दिसली तर ती जुनी पद्धत. सैनिकाचा नंबर दिला असेल तर तोही बोलतो, १९२० पर्यंत प्रत्येक रेजिमेंटचे स्वतःचे छोटे नंबर होते, त्यानंतर पूर्ण सैन्यासाठी सलग मोठे नंबर आले, साधारण सात आकडी.

टीमचे गुण पण नीट बघा. बऱ्याच लष्करी टीम स्पर्धांत जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १ गुण मिळायचा. म्हणजे जो रिंगमध्ये उतरून शेवटपर्यंत लढला त्याने हरूनही कंपनीला काहीतरी मिळवून दिलं. त्यामुळे कंपनीला दोन हिरो असून भागायचं नाही, प्रत्येक वजनात माणूस उभा करावा लागायचा, स्वयंपाकी असो, बँडवाला असो. "बेस्ट लूझर" म्हणून चांगलं लढून हरलेल्याला वेगळं बक्षीस द्यायची पद्धतही लष्करी बॉक्सिंगमध्ये होती. आणि राउंड चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं, टाळ्या फक्त मधल्या मिनिटात, ही शिस्त सैन्यातल्या अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये होती. तुम्ही कोच आहात, तुम्हाला लगेच कळेल की त्या शांततेत ठोशाचा आवाज आणि कॉर्नरमधल्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत असणार. हे सगळं लिहिलंत तर इतिहास जिवंत होईल, नुसती विजेत्यांची यादी दिलीत तर कोणी वाचणार नाही.

बँडवाल्यांवरून आठवलं, जुन्या बातम्यांत "बँड्समन", "ड्रमर" आणि "बॉय" अशी नावं आली तर दचकू नका. बॉय हा रँकच होता, कोवळ्या वयात भरती झालेली पोरं, बरीचशी बँडमध्ये. हलक्या वजनात ही पोरं दिसली तर नवल नाही. तुमचा फेदरवेट विजेता अशांपैकी वाढलेला असू शकतो, हा माझा अंदाज आहे, लेखात अंदाज म्हणूनच लिहा.

एवढं बॉक्सिंग सैन्यात आलं कुठून, हे तुमच्या वाचकांना सांगावं लागेल पण थोडक्यात सांगा. १८६० ला मेजर हॅमर्स्ली आणि १२ सार्जंट लोकांना ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लॅरनकडे शिकायला पाठवलं, तिथून इंग्लंडमधल्या आल्डरशॉट छावणीतल्या जिमखान्याची परंपरा सुरू झाली, आणि शारीरिक शिक्षण हा सैन्याचा अधिकृत विषय झाला. १८६७ ला क्वीन्सबेरीचे नियम आले, ग्लोव्हज, तीन मिनिटांचे राउंड, त्यामुळे अधिकाऱ्यांना उघडपणे पाठिंबा द्यायला सोपं गेलं. छावणीत संध्याकाळी हजार तरुण पुरुष रिकामे, दारू आणि बाजार दोन्ही जवळ, अशा वेळी खेळ ही वरिष्ठांची गरजही होती. पहिल्या महायुद्धात तर जिम ड्रिस्कॉल, जिमी वाइल्ड, जॉनी बॅशम, बॉम्बार्डियर बिली वेल्स अशा नामवंत बॉक्सरना इन्स्ट्रक्टर म्हणून वापरलं, पायांची हालचाल आणि अंतर राखणं संगिनीच्या लढाईला उपयोगी पडतं असा त्यामागे विचार होता.

यातला बिली वेल्स तुमच्या लेखात यायलाच हवा, कारण भारतातल्या गोऱ्या फौजेत बॉक्सिंग किती जोरात होतं हे त्याच्यावरून दिसतं. तो तोफखान्यात होता, रावळपिंडीला पोस्टिंग, तिथल्या लष्करी स्पर्धांतून नाव झालं, मग पैसे भरून सैन्यातून सुटका करून घेतली आणि १९११ ला ब्रिटनचा हेवीवेट चॅम्पियन झाला, १९१९ पर्यंत राहिला. म्हणजे तुमचा डॉर्सेटवाला पुण्यात लढत असेल त्याच सुमाराला तेव्हाच्या हिंदुस्थानातल्याच एका छावणीतून एक माणूस थेट ब्रिटनच्या चॅम्पियनशिपला पोचला होता. बराकीतल्या पोरांना हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

पण वेल्सचं पुढचं प्रकरणही लिहा. ऑक्टोबर १९११ ला लंडनमध्ये त्याची आणि जॅक जॉन्सनची लढत ठरली होती. जॉन्सन जगाचा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन. ती लढत होऊ दिली नाही, होम सेक्रेटरी तेव्हा चर्चिल होते, आणि विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की काळ्याने गोऱ्याला हरवलं तर साम्राज्यातल्या लोकांवर काय परिणाम होईल. ब्रिटिश व्यावसायिक चॅम्पियनशिप गोरे नसलेल्यांना १९४८ पर्यंत बंद होती, त्या वर्षी डिक टर्पिनने ती जिंकली. हे लक्षात ठेवून पुण्याच्या बातम्या वाचा. ज्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेट आणि मराठा पलटण एकत्र होत्या, एकत्र लढल्या, त्याच ब्रिगेडच्या बॉक्सिंगच्या बातम्यांत देशी सैनिक दिसतात का, दिसले तर वेगळ्या गटात की कुस्तीत, रस्सीखेचीत, हे तपासा. जे सापडेल ते लिहा, आणि नाही सापडलं तर तेवढंच लिहा की या बातम्यांत देशी सैनिक दिसत नाहीत. मराठी वाचकासाठी लिहिताना हा भाग गाळला तर लेख अपुरा राहील असं मला ठामपणे वाटतं.

आता माणूस शोधायचा तर. पेपरात फेदरवेट विजेत्याचं नाव मिळालं असं धरू. त्याला सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शोधायला गेलात तर निराशा व्हायची शक्यता जास्त आहे, पहिल्या महायुद्धात होते त्यांच्या फाईली सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, अर्ध्याहून जास्त गेल्या. उरलेल्या डब्ल्यूओ ३६३ आणि पेन्शनवाल्या डब्ल्यूओ ३६४ मध्ये आहेत, बघा नक्की पण त्यावर विसंबू नका. मेडल इंडेक्स कार्ड, म्हणजे सैनिकाच्या युद्धपदकांची नोंद असलेली कार्डं, मात्र बहुतेकांची टिकलीत. त्यावर बरेचदा युद्धभूमीवर उतरल्याची तारीख असते, आणि दुसऱ्या डॉर्सेटच्या माणसाची तारीख नोव्हेंबर १९१४ असेल तर तो पुण्याहूनच बटालियनबरोबर निघाला असं मानायला हरकत नाही. नंतरची तारीख असेल तर तो मागाहून पाठवलेल्या भरतीतला असू शकतो.

तो युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर फुकट कळतं, बसरा मेमोरियल आणि बगदादचं नॉर्थ गेट स्मशान या दोन ठिकाणी रेजिमेंट निवडून नावं काढा. कैद्यांसाठी रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धाच्या नोंदी ऑनलाईन ठेवल्यात. एक गोष्ट गोंधळात टाकेल म्हणून आधीच सांगते, कुतमध्ये मूळ बटालियन अडकल्यावर बाहेर राहिलेले, दवाखान्यातून बरे झालेले आणि नवे आलेले डॉर्सेट आणि नॉरफोक असे मिळून एक तात्पुरती बटालियन केली होती, तिला "नॉर्सेट्स" म्हणायचे. एखाद्या बॉक्सरचं नाव १९१६ च्या सुरुवातीच्या कागदात त्यांच्यात दिसलं तर तो वेढ्याच्या बाहेर होता.

तीच आडनावं सतत येतात, स्मिथ, ब्राऊन, टेलर, त्यामुळे नाव आणि कंपनी, किंवा नाव आणि नंबर, अशा किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय "हाच तो" म्हणू नका. काही जण खोट्या नावानेही भरती व्हायचे. आणि बॉक्सरेक नावाच्या साईटवर मिळाला नाही म्हणून तो कोणी नव्हताच असंही समजू नका, तिथे मुख्यतः व्यावसायिक लढती आहेत.

रेजिमेंटच्या वस्तू डॉर्चेस्टरच्या कीप मिलिटरी म्युझियममध्ये आहेत. डॉर्सेट आणि डेव्हनशायर या रेजिमेंट १९५८ ला एकत्र केल्या आणि २००७ ला ते सगळं द रायफल्स या रेजिमेंटमध्ये गेलं, पण आठवणी या म्युझियमने सांभाळल्यात. अशा म्युझियममध्ये माणसं थोडी असतात आणि बरेचदा स्वयंसेवक असतात. त्यांना "तुमच्याकडे बॉक्सिंगबद्दल जे असेल ते पाठवा" असं लिहिलंत तर उत्तर एका ओळीचं येईल. त्याऐवजी मेडलचे दोन्ही बाजूंचे आणि शिक्क्याचे फोटो जोडा, शिक्क्यावरून निघालेलं साल लिहा, आणि दोनच गोष्टी विचारा. त्या वर्षांतलं रेजिमेंटचं मासिक किंवा बटालियनच्या नोंदी आहेत का, आणि दुसऱ्या बटालियनच्या बॉक्सिंग टीमचा ग्रुप फोटो आहे का. फोटो आला तर टोपीवरचा बिल्ला तपासा, डॉर्सेटच्या बिल्ल्यावर जिब्राल्टरचा किल्ला आणि चावी, स्फिंक्स, आणि "प्रायमस इन इंडिस" असं लॅटिन ब्रीद असतं, कारण या रेजिमेंटची जुनी पलटण १७५४ ला भारतात आलेली ब्रिटिश राजाची पहिली पलटण होती. ब्रीद वाचता आलं नाही तरी किल्ल्याचा आकार ओळखू येतो. आल्डरशॉटच्या फिजिकल ट्रेनिंग कोअरच्या म्युझियमलाही एक मेल टाका, पण ते पूर्ण सैन्याच्या पातळीवरचं सांभाळतात, कंपनी पातळीची लढत तिथे मिळेलच असं नाही.

खर्चाचं म्हणाल तर ते तुम्ही किती खोल जाणार यावर आहे. स्मरणिकेत दोन-तीन पानांचा लेख एवढंच हवं असेल तर शिक्के, टाइम्स ऑफ इंडिया, जनगणना, वॉर ग्रेव्ह्ज आणि म्युझियमचा एक मेल एवढ्यावर तो उभा राहील, क्यूला कोणाला पाठवायची गरज नाही. शिक्क्यावरून दुसरा काळ निघाला तर पुण्याऐवजी मद्रास-बंगलोरकडचे पेपर बघावे लागतील. तिसरा निघाला तर मात्र गोष्ट वेगळी होते, युद्धकाळात पेपरात पलटणींची नावं आणि मुक्काम छापायला बंदी असायची, मग पेपरात वेळ न घालवता म्युझियम आणि क्यूमधली बटालियनची वॉर डायरी यावरच भर द्या, अशा डायरीत ट्रेनिंगच्या नोंदींमध्ये कधीकधी खेळांचाही उल्लेख असतो.

आधी शिक्क्याचे फोटो इथे टाका, चांदीवाल्याकडे स्वच्छ करायला देण्याआधी. अक्षर वाचता आलं तर कोणत्या वर्षांचे अंक मागवायचे ते मी सांगते.